बैल दाखवला, कुत्री राहिली

जनावरांचं मला कळतं, असं आमच्या गावात मानतात. बोथच्या बाजूचं, तेलुगू मुलखाच्या सीमेवरचं आमचं गाव. कोणाचा बैल चारा सोडून उभा राहिला की आधी मला बोलावणं येतं आणि मग ठरतं, डॉक्टरकडे न्यायचा की वाट पाहायची. मी कान चाचपतो, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो, शेण बघतो आणि सांगतो. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. त्याचा मला माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कुत्री मुलीची. हैदराबादला नोकरी लागल्यावर मुलगी तिला आमच्याकडे सोडून गेली. मांजरीपेक्षा जरा मोठी, पांढरी, केसाळ. राखणीच्या कामाची नाही, म्हणून मी तिला फुकटखाऊ म्हणायचो. बायको मात्र तिला मांडीवर घेऊन टीव्ही बघायची.

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत कुत्रीने बैलांसाठी भिजवलेली सरकीची ढेप, म्हणजे पेंड, खाल्ली. घमेलं उघडं मीच ठेवलं होतं. दुपारपासून उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी हगवण लागली.

"अजी, चारदा ओकली ते. डाक्टरले दाखवा ना," बायको म्हणाली.

"ढेप पचली नाही तिले. बाहेर पडली का होते मोकळी. आज उपाशी ठेव."

पाणी प्यायली की लगेच ओकत होती, म्हणून पाण्याची वाटीही मी उचलून वर ठेवली. बैलाचं पोट बिघडलं की एक वेळ चारा तोडायचा, ही आमची जुनी रीत. तीच मी त्या वीतभर जिवाला लावली, वर पाणीही तोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बैलाने अर्धा कडबा तसाच टाकला. खरं तर थांबता आलं असतं. पण ऐन हंगामात बैल बसला तर काय, या धास्तीने मी त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात निघालो. बायको दारात येऊन म्हणाली, "हिलेबी न्या. थैलीत मावते ते."

"आधी बैल," मी म्हणालो.

दवाखान्यात ओळखीचे चार-पाच शेतकरी होते. डॉक्टर तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलतात. बैलाला विशेष काही नव्हतं, एक पावडर दिली. मग त्यांनी विचारलं, "और कुछ?"

कुत्रीचं अगदी ओठावर आलं होतं. पण शेजारी जो उभा होता, त्याने आठच दिवसांपूर्वी मला त्याच्या बैलाचं विचारलं होतं. त्याच्यासमोर मांडीवरच्या कुत्रीची हगवण काढायची मला लाज वाटली.

"नहीं साब," मी म्हणालो.

घरी आलो तर ती कोपऱ्यात आडवी पडली होती. हाक मारली, शेपूट हललं नाही. खाली रक्त पडलं होतं. बायकोने टॉवेलात तिला गुंडाळलं आणि मोटारसायकलजवळ जाऊन उभी राहिली.

दवाखाना बंद व्हायच्या आत पोचलो. डॉक्टरांनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी आटलं होतं. बैलांच्या मानेवर मी हे कितीदा केलं असेल, पण हिच्या मानेला आदल्या दिवसापासून एकदाही हात लावला नव्हता. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"पानी कब से नहीं पिया?"

"मैंनेच बंद किया, साब."

"बैल के पेट में टंकी होती है. इसके पेट में कटोरी." सुई लावता लावता त्यांनी मान वर केली. "सुबह तो आप यहीं थे ना?"

बायकोला हिंदी फारशी येत नाही. तेवढं मात्र तिला कळलं.

तीन दिवस सलाईन चाललं आणि कुत्री वाचली. पहिल्या दिवशी परत येताना बायकोने मागून विचारलं, "डाक्टरनं इचारलं व्हतं तुमाले?"

"हो."

"मंग काऊन नाही सांगितलं?"

"लोकं होते तिथं."

तिने भांडायला हवं होतं, मला जरा तरी हलकं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात कुत्रीने गवत खाऊन एकदा फेस ओकला. मग पाणी प्यायली, ते पोटात राहिलं आणि ती कोंबड्यांमागे धावली. मी मानेची कातडी ओढून पाहिली, झटक्यात बसली. हिरड्या गुलाबी होत्या. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली असती तर चाललं असतं, याची मला पक्की खात्री होती. तोवर बायकोने तिला थैलीत घालून रस्त्यावर ऑटो थांबवला होता. मी तिथवर गेलो. आज गरज नाही, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी ऑटोवाल्याला एवढंच म्हणालो, "खड्डे पाहून चालव."