साडेअठरा कोयते

गहिनाबा मुकादम माणसं अर्ध्यात मोजायचे. एकोणीसशे सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. नेवाशाकडच्या एका साखर कारखान्यात मी शेतकी ऑफिसचा कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो. दिवाळी सरली आणि पाथर्डीकडून ऊसतोडीची टोळी घेऊन गहिनाबा आले. मी वही उघडून मोठ्या रुबाबात विचारलं, "माणसं किती?"

"साडेअठरा."

मला वाटलं, म्हातारा नव्या कारकुनाची फिरकी घेतोय. म्हटलं, "अर्धा माणूस कसा आणलात हो?"

"भीमा अर्धा हाय, भाऊसाब. त्याची कौसा बाळंतीन हाय. पंधरवड्यानं यील, मंग एकोनीस भरत्याल."

नवरा-बायको मिळून एक 'कोयता' हे मला तेव्हा कळलं. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. "नुस्ता ऊस पाडून ठिवला तर बांधनार कोन, त्याचा बाप?" गहिनाबा म्हणाले.

"आणि तुम्ही कशात?"

"मी कशातच न्हाई. मालकीन गेली तवाच माझा कोयता मोडला. आता नुस्ता मुकादम."

पहाटे ते टोळीच्या कोप्यांमधून, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांमधून, हाका मारत फिरायचे, त्याही फक्त बायांना. "सखू, चूल पेटली का गं? कौसे, उठ बाई, गाड्या आल्या!" गड्यांना कधी हाक नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बाई उठली की कोयता उठला. गड्यांला उठवून काय करता, च्या मागत्याल." टोळीतल्या एकेकाचं नावगाव, कुणाच्या पोराचा कान फुटलाय, सगळं तोंडपाठ. सही मात्र अंगठ्याची. "मला कागद वाचता येत न्हाई, कागदाला मानूस वाचता येत न्हाई. फिट्टंफाट!" असं म्हणून स्वतःच हसायचे.

त्याच हंगामात ठेक्यावरच्या मजुरांचा नवा कायदा ऑफिसात येऊन धडकला. वीस किंवा जास्त मजूर पुरवणाऱ्याला परवाना काढायचा, प्रत्येकाचं नाव लावायचं, हजेरी ठेवायची, प्यायचं पाणी आणि औषधाची पेटी द्यायची. कायदा चांगलाच होता. पण तो यायच्या आधी त्यातून निसटायच्या वाटा आल्या. कुणी टोळीचे दोन तुकडे करून एक मेव्हण्याच्या नावावर लावला, कुणी कागदावरून माणसंच गाळली. आमच्या शेतकी अधिकाऱ्यांनीच, म्हणजे माझ्या साहेबांनीच, मुकादमांना ते शिकवलं.

गहिनाबांना यातलं काही करावंच लागलं नाही. मी नव्या कायद्याची वही उघडून विचारलं, "एकूण मजूर?"

"एकोनीस," ते सरळपणानं म्हणाले. कौसा एव्हाना आली होती.

माझं पेन थांबलं. साहेब शेजारीच उभे होते. "थांबलात कशाला? मुकादम सांगतायत ते लिहा." मी लिहिलं. खाली एकोणीस पुरुषांची नावं लिहिली. गहिनाबांनी अंगठा उठवला आणि खूश होऊन म्हणाले, "एकानं वाचलो बघा, भाऊसाब!" मी नोकरीत अजून कायम व्हायचा होतो. हे काही कारण नव्हे, पण त्या दिवशी मला ते पुरलं.

संक्रांतीनंतर एका उसाच्या फडात बैल बुजले, भरलेली गाडी मागे सरली आणि कौसाचा उजवा हात चाकाखाली सापडला. नगरच्या दवाखान्यात तो कोपरापासून काढावा लागला. गहिनाबा तिथून तडक ऑफिसात आले. "तिची भरपाईची कागदं करा. मोळी बांधायचा हात गेला पोरीचा."

साहेबांनी माझी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "यात कौसा कुठंय? नवऱ्याला भेटायला आली असेल."

"भेटाया? दोन म्हयने मोळ्या बांधून भेटती व्हय?"

"हे बघा मुकादम," साहेब अगदी मायेनं म्हणाले, "तिला मजूर म्हटलं तर सगळ्याच बायका मजूर. म्हणजे अडतीस. अडतीस म्हणजे परवाना हवा, तो तुमच्याकडे नाही. खटला तुमच्यावर आणि टोळी आजच बंद. भर हंगामात कुठं जातील ही माणसं?"

गहिनाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी पाणी नेलं, ते घेतलं नाही. "मला सांगायचं हुतं की ओ," एवढंच म्हणाले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. खरं बोललं तर टोळी उपाशी, गप्प बसलं तर कौसा कधी इथं आलीच नव्हती. अडकित्त्यात सापडला होता म्हातारा, आणि एक पातं माझ्या हस्ताक्षराचं होतं.

दोन दिवस पहाटेच्या हाका ऐकू आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मजूर खात्याचे अधिकारी तपासणीला आले. साहेब त्यांना चहा पाजत होते तेवढ्यात गहिनाबा आत शिरले आणि उभ्यानंच बोलू लागले. "कौसा भीमा. सखू मारुती. पारू लक्ष्मन..." एकोणीस बायांची नावं, न अडखळता. मग म्हणाले, "ह्या बी कामाला हायेत. परवाना न्हाई त्यो माजा दोष. टोळीचा न्हाई. मला काढा, टोळी दुसऱ्या परवानेवाल्याकडं लावा."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो. उशिराच म्हणालो.

ऊस फडात वाळत होता, त्यामुळे टोळी दुसऱ्या मुकादमाकडे लागली. गहिनाबांचा ठेका गेला, दंड झाला. कौसाच्या भरपाईनं पुढं वर्ष खाल्लं, पण मिळाली. माझं कायम होणं लांबलं, त्याबद्दल मी कधी कुरकूर केली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर नवा मुकादम टोळी घेऊन आला. मी विचारलं, "किती?"

"साडेअठरा."

"अर्धा कोण? भीमा?"

"न्हाई, भीमाबरूबर त्याची भन आलीय. दुसरी एक जोडी यंदा गावाकडंच ऱ्हायली."

रांगेच्या शेवटून, हातात कोयता घेतलेले गहिनाबा पुढे झाले. वर्षात खूपच वाळले होते.

"मी हाय, भाऊसाब," ते म्हणाले. "पर आधी बायांची नावं घ्या. मी अर्धाच, जागा उरली तर लिव्हा."