ळ नसलेलं अंगण

आज सकाळपासून आभाळ भरून आहे, पण पडून नाई राह्यलं. वारा बंद. अंगणात वाळत घातलेलं मोहफूल उचलू का राहू देऊ, तेच ठरत नाई. दोनदा पोत्यात भरलं, दोनदा परत पसरलं. खरं सांगू का, जीव मोहफुलात नाईच. मंगली ब्रह्मपुरीले निकाल पाहाले गेली आहे. भाषाविज्ञानाचा पेपर. दुसऱ्यांदा दिलेला, आणि शेवटचा.

बसल्या बसल्या त्या वर्गाचे किस्से आठवून राह्यले. हे जमतात कसे पाहा. पहाटे मोहाखाली वाकलो की वाटते, एक एक फूल वेचून काय होते? आणि ऊन चढेपर्यंत टोपली उचलत नाई!

मंगली म्हणजे शेजारच्या वच्छलाची पोरगी. मी शाळेत गेलो नाई. मंगली चौथीत होती तवा तिनंच मले पाटीवर अक्षरं शिकवली, याच अंगणात. म्हणून हे लिहून राह्यलो. पण लिहिणं वेगळं आणि बोलणं वेगळं. आमच्या झाडीपट्टीत ळ ले र म्हणतात, ण ले न, श ले स म्हणतात. डोळा नाई, डोरा. जवळ नाई, जवर. ळ मले हातानं लिहिता येते, जिभेनं नाई.

तो जिभेनं येत नाई, यातच सारं आलं.

०००

मंगली पहिल्यांदा नापास झाली ते याच्यानंच.

पेपरात प्रश्न होता, आपल्या गावच्या बोलीबद्दल लिहा. मंगलीनं लिहिलं, "आमच्या गावात अशुद्ध बोलतात." तिचं तरी काय चुकलं? शाळेत 'पानी' म्हटलं की गुरुजी बाकावर उभं करत. तेच ती शिकली.

कॉलेजात हा विषय शिकवणाऱ्या म्याडमनं त्या प्रश्नाले भोपळा दिला. भोपळ्याच्या खाली लाल पेनानं एकच ओळ, "अशुद्ध पाणी असतं. भाषा नसते."

पोरगी तीन दिवस जेवली नाई. वच्छला माझ्याकडं येऊन म्हणे, "मामाजी, सारेत 'पानी' मनलं तं मार, इथी 'पाणी' मनलं तं नापास! पोरीनं प्यावं काय?"

०००

दुसऱ्या वर्षी म्याडमनं ठरवलं, बोली पुस्तकातून शिकवायची नाई, माणसाच्या तोंडातून शिकवायची. मंगलीनं माझं नाव सांगितलं. झालं! दर रविवारी वर्ग आमच्या अंगणात.

सुरवातीले जीप भरून पोरं यायची. म्याडमच्या लाल पेनानं पोळ्यापर्यंत दोघं उरली. एक मंगली, दुसरा नागपूरचा पराग. बाकीच्यांनी विषय बदलला. परागले विचारलं, "बापू, तू काऊन राह्यला?" तो म्हणे, "आजोबा, अर्जाची तारीख हुकली."

पहिल्याच रविवारी म्याडमनं विचारलं, "आजोबा, तुम्ही किती शिकलात?"

मी म्हटलं, "बाई, मी सारा सिकलो नाई."

परागनं वहीत लिहिलं, 'वक्ता विनयशील आहे. सारा अभ्यास झाला नाही म्हणतो, म्हणजे बराच झालेला असावा.'

पुढच्या रविवारी वही परत आली. लाल पेनानं लिहिलं होतं, 'वक्ता शाळेत गेलेला नाही. तुम्ही जात होतात ना?'

०००

भादव्यातली गोष्ट. म्याडम त्या दिवशी आल्या नव्हत्या, मंगली शेतावर. पराग एकटाच यंत्र घेऊन खाटेवर बसला. माझं बोलणं भरून घेऊन राह्यला. वर पाहिलं तं काळंभोर. मी म्हटलं, "बापू, आभार आलं. जाय घरी."

तो हसला. हात जोडून म्हणे, "आभार कसले आजोबा! आम्हीच तुमचे मानायला पाहिजेत."

मी परत म्हटलं, "अरे, लय मोठं आभार हाये!"

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "इतकं नका हो म्हणू," म्हणे.

आणि मंग जे कोसळलं! ते यंत्र दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. पराग एक आठवडा अंथरुणात.

०००

त्या पोरांचा अभ्यास काय सांगू! म्याडमचा हुकूम होता, तोंडापुढं कागदाची पट्टी धरायची आणि प, फ, ब, भ म्हणायचं. 'प' ले कागद हलला नाई पाहिजे, 'फ' ले हलला पाहिजे. मंगली रोज पहाटे अंगणात उभी राहून कागदाले सांगे, "प... फ... प... फ..."

वच्छलाच्या काळजात धस्स! धावत माझ्याकडं आली. "मामाजी, पोरीले काई लागलं! कागदावर फुकून राह्यली ना तोंडानं काई पुटपुटून राह्यली!"

मी समजावलं, अभ्यास आहे. पण तिनं मीठ-मिरची घेतली आणि पोरीवरून उतरवलीच. मिरची चुलीत टाकली. मंगलीले असा ठसका लागला की एकेका फ सोबत कागद उडून तिकडं कोंबड्यांत!

परागनं ही गोष्ट म्याडमले सांगितली. आता मंगलीची धडगत नाई, असं मले वाटलं. म्याडमनं चष्मा पुसला. म्हणे, "मिरचीनं फ सुधारत असेल, तर परागवरूनही उतरवायला सांगा."

हसल्या नाई. त्या कधीच हसत नव्हत्या. म्हणूनच पोरं जास्त भेत.

०००

आगनात, म्हणजे मार्गशीर्षात, गावात एक लग्न होतं. परागलेही बोलावलं. मांडवात नवरदेव उभा. आमचा एक म्हातारा ओरडला, "चाला लवकर, नवरदेवाले मार घाला!"

पराग ताटावरून उठला, उष्ट्या हातानं मधात जाऊन उभा! "थांबा, थांबा! काय केलं त्यानं?"

नवरी फुलांची माळ हातात धरून पाहतच राह्यली.

त्या दिवशी मांडव हसला. मंगली तेवढी हसली नाई. तिनं वही काढली आणि मांडवाच्या खांबाले टेकून लिहीत बसली. मी विचारलं, "का लिवते वं?" तं म्हणे, "आबाजी, आपल्यात दोन मार हायेत. एक गऱ्यात घालाची, एक पाठीत बसाचा. आपन कधी चुकत नाई. काऊन चुकत नाई, ते सोधून राह्यली."

मले तं त्यात शोधाचं काय, ते समजलं नाई. वर्षभर पोरगी तेच शोधत होती.

०००

आता माझी चूक सांगतो. सांगाले लाज वाटते.

पौषात मंगलीनं सांगितलं, या पेपरची तोंडी परीक्षा इथंच होणार. बाहेरून एक परीक्षक सर येणार. ती मले विचारणार, मी सांगणार, आणि तिनं वर्षभर वहीत लिहिलं ते खरं का खोटं, ते सर तिथंच ठरवणार. पास झाली तं जंगलाकडच्या एका शाळेत बाई म्हणून घेणार आहेत तिले, लहान्या पोरांना त्यांच्या बोलीतून शिकवाले. नापास झाली तं तिचं कॉलेज संपलं.

"आबाजी, फक्त रोजच्यासारखं बोलजा," ती म्हणे.

पण माझी झोप उडाली. एवढा मोठा माणूस येणार, आणि माझ्यासारखा अडाणी त्याच्यापुढं 'डोरा, डोरा' करणार? पोरीची इज्जत काय राहीन? जिनं मले अक्षर दिलं, तिले माझ्या जिभेनं बुडवाचं का?

मी रेडिओ लावला. बातम्या देणारी बाई ळ म्हणे, तसा म्हणाले लागलो. जीभ मागं वळवायची, टाळूले लावायची, सोडायची. समोरचे दोन दात नाई, जीभ सुटली की थुंकीच उडे. समोर आमची बकरी बांधलेली. तिलेच म्हणून दाखवो, "माळ. बाळ. डोळा." ती आपली रवंथ करे.

वच्छलानं कुडाच्या फटीतून पाहिलं. "अवं माय! मामाजीचं तोंड वाकडं झालं! लकवा मारला का काय?"

"गप्प राह्य," मी म्हटलं. "सुद्ध बोलून राह्यलो."

मंगलीले सांगाचं नाई, अशी वच्छलाले शपथ घातली. पोरीले परीक्षेच्या दिवशी खूश कराचं होतं मले!

०००

माघात परीक्षा झाली. परागची आधी आटोपली, तो त्याच्या मावशीच्या बोलीवर पास होऊन गेला. मंग सर आमच्या अंगणात आले. सोबत म्याडम. वच्छलानं पाहुण्यांसाठी झेंडूची माळ केली होती, पण सरांनी हात जोडले, "आधी काम." म्हणून ती माळ रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवली.

मंगली माझ्यासमोर बसली. पेन्सिल वहीवर टेकवली. तिनं डोळ्याकडं बोट केलं. "आबाजी, याले का मनता?"

मी घसा खाकरला. जीभ वळवली. "डोळा."

पेन्सिल थांबली.

"आनि... गऱ्यात घालाचं असते, ते?"

"माळ."

असा नितळ ळ आयुष्यात नव्हता निघाला! मी म्याडमकडं पाहिलं, शाबासकी भेटन म्हणून. म्याडमचा चेहरा पांढरा पडला होता.

सरांनी मंगलीची वही उघडली. एक पान, दुसरं पान. "इथं तर सगळीकडे र लिहिला आहे. हे आजोबा स्वच्छ ळ बोलतात. तुम्ही हे आणलंत कुठून?"

मंगलीनं फक्त माझ्याकडं पाहिलं. पहिल्या दिवशी पाटीवर माझा अ उलटा निघाला होता, तवा असंच पाहिलं होतं. रागावली नव्हती, घाबरली होती.

सर म्हणे, "घरी बसून लिहिलंत का?"

तवा मले समजलं, मी काय करून बसलो ते. सांगाले गेलो तं ळ निघेना, र निघेना, काहीच निघेना. सरांनी वही मिटली. खिशातून पेन काढला.

तेवढ्यात मले त्यांच्या मागची रिकामी खुर्ची दिसली. खुर्चीशी दावं सोडवून आलेली बकरी. बकरीच्या तोंडात पिवळं.

मी खाटेवरून उठून बोंबललो, "अवं वच्छला, धाव! बकरीनं मार खाल्ली!"

सर दचकून मागं वळले. "कुणी मारलं बकरीला?"

वच्छला काठी घेऊन आलीच. धपाधप दोन दिल्या पाठीत. बकरी खुर्ची पाडून मोहाच्या बुडाशी पळाली, अर्धी माळ अजून तोंडातून लोंबतच होती.

"आता मारलं!" सर म्हणे. "आजोबा आधीच कसं म्हणाले?"

मंग मंगली उठली. आवाज कापत होता, पण शब्द नाई कापला.

"सर, बकरीनं आधी मार खाल्ली. मंग मार खाल्ला."

सरांचा पेन हवेतच राह्यला. ते एकदा बकरीकडं पाहत, एकदा वच्छलाच्या काठीकडं. मंग त्यांनी मिटलेली वही परत उघडली, आणि लय वेळ लिहीत बसले. काय लिहिलं ते कोणाले दाखवलं नाई. च्या पिऊन निघून गेले. आणि म्याडम? म्याडमनं तोंडाले पदर लावला होता, खांदे हलून राह्यले होते.

जीपमध्ये बसाच्या आधी माझ्याकडं आल्या. "आजोबा, ळ कुणी शिकवला?"

"रेडिओनं."

"बंद ठेवा."

०००

तवापासून रेडिओ बंद आहे. मंगलीनं मले एक शब्द बोल लावला नाई, तेच जास्त लागते. सरांनी त्या वहीत काय लिहिलं असन? एक बकरी माझं खोटं पुसून काढन का? कधी वाटते हो, कधी वाटते नाई. मोहफूल परत पोत्यात भरून राह्यलो. थेंब नाई, ऊन नाई.

फाटक वाजलं. वच्छला आली. फोनवर बोलत होती वाटते, तो कमरेले खोचला. डोळे लाल. रडली का काय? माझे हात पोत्यातच राह्यले.

तिचा एक हात पाठीमागं आहे. बकरी दावं ताणून तिच्या पाठीकडंच पाहून राह्यली.

वच्छला जवळ येऊन म्हणे, "मामाजी, मान वाकवा. पोरगी मनते, पयली मार आबाजीले!"