बारा पोरं, बारा प्रकरणं

आमची काकू कॉलेजात ग्रंथपाल. मुलं तिला कायदेकाकू म्हणतात. पाठीमागेच हं, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही! स्कॅनरवर तिच्या हस्ताक्षरात पाटी आहे: 'एका माणसाला एकच प्रकरण.' अभ्यासापुरता थोडा भाग कायद्याला चालतो, अख्खं पुस्तक नाही, हे ती इतक्यांदा ऐकवते की काका घरी दुसऱ्यांदा चहा मागायलाही बिचकतात.

मी तिथेच ऑनलाइन वर्ग शिकवतो. बारा विद्यार्थी, सगळे परगावचे, नोकरी सांभाळून शिकणारे. परीक्षा तीन आठवड्यांवर आणि लागणाऱ्या पुस्तकाची छपाई कधीच बंद झालेली. ग्रंथालयात एकच प्रत. मग मी शक्कल लढवली. पुस्तकात प्रकरणं बारा, पोरं बारा! एकेकाला एकेक प्रकरण मागायला लावलं. काकूने प्रत्येक अर्ज डोळ्यांत तेल घालून तपासला, शिक्का मारून एकेकच प्रकरण पाठवलं आणि वर मला म्हणाली, "तुझी मुलं किती शिस्तीची रे!" मी हसू दाबलं. पोरांनी तुकडे जोडून अख्खं पुस्तक वर्गाच्या साइटवर चढवलं. साइट सगळ्यांना उघडी आहे, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आठवड्यात प्रकाशकाचं पत्र आलं. पुस्तक उतरवा आणि जबाबदार कोण ते कळवा, नाहीतर कोर्टात भेटू. पानापानावर ग्रंथालयाचा शिक्का, त्यामुळे प्राचार्यांनी काकूला बोलावलं. वर्ग माझा म्हणून मलाही.

काकूने अर्जांची फाईल उघडली. पहिलं प्रकरण, दुसरं, तिसरं... सहाव्यावर तिचं बोट थांबलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. संपलं, म्हटलं, आता माझी खैर नाही.

"चूक माझी," ती प्राचार्यांना म्हणाली. "माझ्या हातून गेलंय. कारवाई माझ्यावर करा, मुलांना त्रास नको."

निवृत्तीला सहा महिने राहिलेली बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, पोरांना एकेक प्रकरण मागायला मीच लावलं होतं," मी कसंबसं बोललो.

मला लेखी ताकीद मिळाली, पुस्तक उतरवलं. त्याच दुपारी काकूने प्रकाशकाला माफीचं पत्र लिहिलं आणि खाली विनंती केली, बारा जणांना परीक्षेपर्यंत वाचू द्या. चौथ्या दिवशी परवानगी आली.

"आधी मला सांगायचंस ना रे," काकू म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. आणि मग हेच पत्र लिहिलं असतं."