एकदाच विचारणारी लोहारीण

गेल्या रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये माझ्यामुळे एक बाई कायमची निघून गेली. घाबरू नका... बाई कॉम्प्युटरच्या गेममधली होती.

गेम माझ्या नातीचा, श्रावणीचा. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं घर तेलुगू, म्हणून मला ताता म्हणते. माझी हयात टॉवेलच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात गेली, पण कानात अजून शाळेतल्या कविताच वाजतात...

तिच्या आधीच्या गेममधला हिरो मुका होता. समोरचा बोलला की त्याची पाच-सहा उत्तरं पडद्यावर अख्ख्या वाक्यांत यायची. "ताता, तुम्हीच निवडा आणि तुम्हीच म्हणा," असं ती म्हणायची. मग मी ते मराठीत करून, चौथीतल्यासारखे हात मागं बांधून, चालीवर म्हणायचो. एका राजाला तर मी यमकात नकार दिलाय!

नव्या गेममधला हिरो मात्र बोलका निघाला. आवाज भारदस्त. आपण फक्त 'होय', 'नको' किंवा 'टोमणा' यावर बोट ठेवायचं, बाकी सगळं तो आधीच ठरलेलं बोलतो. थोडक्यात, मी दुसऱ्यांदा रिटायर झालो...

तर रविवारी श्रावणी आंघोळीला निघाली आणि माऊस माझ्या हातात दिला. "ताता, आता एक लोहारीण येईल. सोबत येऊ का विचारेल. तिला घ्या बरं का, बारा दिवस तिच्यासाठीच खपतेय मी."

लोहारीण आली. माझ्याच वयाची, खांद्यावर हातोडा. इतक्या अदबीनं विचारलं तिनं की मला भरूनच आलं... आणि मी 'नको' दाबलं.

आता सांगा, पहिल्याच विचारण्याला कोणी 'हो' म्हणतं का? पाहुण्याकडं चहासुद्धा आपण आधी नको म्हणतो. दुसऱ्यांदा विचारलं की 'हो' दाबायचं, असा माझा सरळ हिशेब होता.

पण हिरोनं तोंड उघडलं. "तुझ्यासारख्या म्हातारीचं ओझं कोण वाहणार?" मी चक्क उठून उभा राहिलो. अरे, मी असं कुठं म्हणालो! बाई वळली आणि बर्फात दिसेनाशी झाली. मी पंधरा मिनिटं माऊस धरून वाट बघत बसलो...

श्रावणी केस पुसत आली. "ताता! हाकललं तिला?"

"अगं, नुसतं नको म्हणालो की! मला वाटलं, परत विचारेल."

"गेममध्ये कुणी आग्रह करत नसतं ताता! बारा दिवस गेले माझे." ती खोलीत गेली. दार आपटलं नाही... तेच जास्त लागलं.

दुपारी ती जेवायला आली नाही. मी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेऊन दारात गेलो.

"नको मला."

"थोडंसं."

"नको म्हटलं की, ताता."

"बरं, नुसती चटणी चाखून बघ. आज्जीनं आत्ता कुटलीय." एक हात आला. मग अख्खी भाकरी गेली.

खाऊन झाल्यावर ती कॉम्प्युटरपाशी बसली. खूप शोधून तिला तीन दिवसांपूर्वीचा जपून ठेवलेला गेम सापडला. तिथून पुढचं सगळं पुन्हा खेळायचं होतं. तिनं सेटिंगमध्ये जाऊन हिरोचा आवाज तेवढा बंद केला. "म्हणा आता तुम्ही."

बुधवारी लोहारीण पुन्हा पडद्यावर आली. मी हात मागं बांधले आणि पहिल्याच विचारण्याला 'होय' म्हणालो... आग्रहाशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा.

ती बिचारी एकदाच विचारते, तसंच लिहिलंय तिला. आपल्याला मात्र तिसऱ्यांदा विचारायची मुभा आहे, आणि माझ्या घरात तिसऱ्यांदा ऐकून घेणारं माणूसही आहे.