फुटपट्टी लावून सारखे केलेले गज

कारखान्यात तिला सगळे ‘कानस’ म्हणतात. लेथवर हात साफ, जीभ खरखरीत. टेकडीवरच्या खोलीतले तांब्याचे सहा उभे डबे तिनंच बनवले.

त्या खोलीत हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचा रिपीटर आहे. दुरून आलेला दुबळा आवाज तो ऐकतो आणि त्याच क्षणी, त्याच अँटेनावरून, जोरात पुढे पाठवतो. स्वतःच्या ओरडण्यानं त्याचे कान बधिर होऊ नयेत म्हणून मध्ये हे डबे, म्हणजे डुप्लेक्सर. प्रत्येक डब्याच्या डोक्यातून एक गज बाहेर येतो. तो केसभर वरखाली झाला तरी डब्याचा सूर बदलतो. सहा गज, सहा उंचीचे. ते तसेच असायला हवेत.

क्लबचा सेक्रेटरी तिचा थोरला भाऊ. बँकेत कारकून, टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा एका रेषेत. वर्धापनदिनाच्या फोटोसाठी त्यानं खोली झाडली, वायरी बांधल्या आणि फुटपट्टी लावून सहाही गज एका उंचीला आणले. फोटो छान आला.

पुढच्याच आठवड्यात या दोघांच्या धाकट्या बहिणीला आठव्या महिन्यात रक्त जायला लागलं. तिचा नवरा धरणावर नोकरीला, दोघं तिथेच राहतात. तिथे फोन लागत नाही. त्यानं रेडिओवरून हाका मारल्या. रिपीटर बहिरा झालेला. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून त्यानं तिला दवाखान्यात नेलं. निभावलं. आता ती घरी परतली आहे, दिवस भरत आलेत, आणि हाक मारायला अजूनही तोच रेडिओ आहे.

रविवारी कानसनं भावाला टेकडीवर नेलं. आधी मीटर लावून एकेक डबा सुरात आणला. मग खरी परीक्षा: धरणावरून मेहुण्यानं कमी ताकदीवर आकडे म्हणत राहायचे आणि इथे भावानं ट्रान्समीटर चालू-बंद करायचा.

“चालू,” कानस म्हणाली.

खरखर उसळली, आकडे बुडाले.

“बंद.”

आकडे वर आले.

“मला वाटलं, गज सैल पडून वर आलेत,” भाऊ म्हणाला.

“नट पान्यानं सोडवलेस ना? सैल नटाला पाना लागतो?”

“वाकडंतिकडं दिसत होतं गं.”

“तुझी बोटंही लहानमोठी आहेत. आण इकडे, घासून सारखी करते. चालू म्हटलं मी.”

तिनं तिसरा गज किंचित दाबला. या वेळी खरखर उठली नाही. मेहुणा तसाच मोजत राहिला. तिनं रिपीटर पूर्ण जोडला.

“येतोय आवाज?” पलीकडून मेहुणा म्हणाला. “काय बिघडलं होतं?”

भावानं माइक उचलला. “विशेष काही नाही. सेटिंग जरा हललं होतं.”

“पुन्हा सांग,” कानस म्हणाली. “सगळा क्लब ऐकतोय. नीट सांग.”

त्यानं तिच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, मग बटण दाबलं. “मी हलवलं होतं. फोटोसाठी.”



“त्या दिवशी मी तुम्हालाच हाका मारत होतो, दादा.” मेहुण्यानं बटण सोडल्याचा टक् असा आवाज झाला.

कानसनं नट आवळले, मीटर लावून पुन्हा तपासलं आणि प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिश फासलं. कोणी फिरवला तर तडा दिसेल.

“मी काय करू?” भावानं विचारलं.

“फुटपट्टी दे.”

त्यानं दिली. तिनं ती पिशवीत टाकली, त्याला पुढे घालून बाहेर आणलं, दाराला कुलूप लावलं आणि हात पुन्हा पुढे केला.

“तुझ्याकडची किल्लीही.”