सूयाकला न गेलेली अंतिम फेरी

आमच्या बेटावरच्या मराठी समाजाच्या स्मरणिकेत मी लिहिले होते की कोड्यांच्या स्पर्धेत सूयाक गावच्या संघाने निकाल मानला नाही, हॉलमध्ये आरडाओरडा केला आणि स्पर्धा सोडली. ते वाक्य माझे आहे आणि ते खोटे आहे. त्या संघाचा पुढारी माझा सख्खा मोठा भाऊ होता. तो आता नाही, म्हणून लिहितो आहे. तो असताना लिहायला हिंमत लागली असती.

ऊसतोडीचा हंगाम, ज्याला आम्ही कूप म्हणतो, संपला की सूयाकच्या आमच्या अंगणात माणसे जमत. आई हुमाणे घालायची. कोडे हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. शेजारची क्रिओल मुलेही येत, म्हणून सुरुवात त्यांच्या रीतीने होई. घालणारा ओरडे, "सिरांदान?" आणि सगळे ओरडत, "सांपेक!" एका हुमाणाची दोन उत्तरे निघाली की आई दोन्ही मान्य करायची, आणि मग खरी मजा वादात असे.

पुढे मी फिनिक्सला शिक्षक झालो आणि या खेळाची बेटभर स्पर्धा भरवायला निघालो. भाषा टिकावी हा हेतू होता. माझे नाव व्हावे हाही होता. गावे वाढली तशी भांडणे वाढली. माएबूर्गचे लोक फिनिक्सचा परीक्षक मानत नसत. मुलांना कोडे सुटे, पण उत्तर तोंडातून क्रिओलमध्ये निघे. ते आम्ही बाद करू, आणि ती मुले पुन्हा फिरकत नसत. गावागणिक उत्तरे वेगळी. शेवटी भारतातून आलेल्या एका पुस्तकावरून मी छापील उत्तरे ठरवली, सिरांदान बंद केले, आणि योग्य वाटल्यास दुसरे उत्तर मान्य करायचा अधिकार मुख्य परीक्षकाला, म्हणजे स्वतःला दिला.

जिंकेल त्या गावात पुढची अंतिम फेरी, हा नियम मात्र दादाचा. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. बसने फिनिक्सला येणे तिला शक्य नव्हते.

"तिचीच हुमाणं बेटभर फिरवतोस, नि तिला एकदा बघायला नको?" तो म्हणाला. "आम्ही जिंकतो. मग तुझी फेरी आपल्या अंगणात."

त्या वर्षी सूयाकचा संघ खरोखरच अंतिम फेरीत आला. समोर फिनिक्स. हॉल माझ्या सासऱ्यांनी मिळवून दिलेला, फिनिक्सच्या संघात माझा मेहुणा. एका कोड्याचे छापील उत्तर पणती होते, मेहुणा कंदील म्हणाला. मी मान्य केले. गुण बरोबरीत आले आणि शेवटचे कोडे सूयाकला गेले: तुरा आला की राजा, कापला की गाव जेवतो.

"ऊस!" सूयाकची सगळी बाजू एकदम म्हणाली.

छापील उत्तर जोंधळा होते. जोंधळा पाहिलेला माणूस त्या हॉलमध्ये एकही नसेल. पूर्वजांबरोबर हुमाण बोटीतून आले, पीक तिकडेच राहिले. आमच्याकडे कूप सुरू झाली की मजुरी हातात येई आणि घरे पोटभर जेवत. हेच हुमाण आई घालायची आणि तिचे उत्तर ऊसच असे. मी म्हणालो, "चूक."

दादा उभा राहिला. "आयो, आईचं हुमाण हे! चूक कसं?"

"नियम आहे, दादा."

"मघाशी त्यांचा कंदील चालला, नि आमचा ऊस नाय चालत? सासऱ्याच्या हॉलात ऊस उगवत नाय काय?"

लोक हसले. ते हसणे मला झोंबले. भावाला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये म्हणून मी अडून बसलो, असे मी पुढे अनेकांना सांगितले. खरे कारण वेगळे होते. मला स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष व्हायचे होते आणि मते सासरच्या माणसांच्या हातात होती. मी फिनिक्सला विजयी जाहीर केले. दादाने आपली माणसे उठवली आणि ती निमूट बाहेर पडली. ओरडले कोणीही नाही.

मी अध्यक्ष झालो. त्यानंतर संघ छापील यादी पाठ करून येऊ लागले आणि शाळेतले पाढे म्हणावे तशी उत्तरे म्हणू लागले. माएबूर्गने येणे सोडले. मग बाकीच्यांनीही.

निकालानंतरच्या रविवारी मी सूयाकला गेलो. दादाने घरी काही सांगितलेले नव्हते.

"येणार ना रे तुमची ती फेरी आपल्याकडं?" आईने विचारले.

"नाही, आई. दादाच्या संघाचं उत्तर चुकलं."

"कुठलं?"

मी हुमाण सांगितले.

"ऊसच की रे. चूक कोण म्हणाला?"

"समिती."

दादा दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "शिकलेली माणसं असतात ती, आई," तो म्हणाला. "याचं एकट्याचं तिथं काय चालणार?"

आईने माझ्या हातावरून हात फिरवला. पुढची फेरी फिनिक्सलाच भरली. तोवर ती गेली होती.