नाव-पत्त्यासकट प्रार्थना

इस्त्रीवाल्या मावशी हल्ली चर्चला जात नाहीत. रविवारी घंटा वाजते तेव्हा त्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतात आणि आत चादरींवर पाणी शिंपडत बसतात. येशूवर रागावलात का, असं कुणी विचारलंच तर म्हणतात, "येशूनं माझं काय वाकडं केलंय? वाकडं केलं ते त्याच्या नावानं खुर्च्या मांडून बसणाऱ्यांनी." विचारणारा शहाणा असेल तर तिथेच थांबतो. नसेल तर आणखी चार शब्द ऐकून जातो.

लोकांना वाटतं, माणूस चर्चपासून लांब जातो म्हणजे कुठलं तरी पुस्तक वाचून बिघडतो, नाहीतर त्याला चैन करायची असते. जात असतीलही काही तसे. पण मावशी का गेल्या, हे ऐकून घ्यायची तिथे कुणाचीच तयारी नाही. कारण ते कारण अजूनही दर रविवारी पुढच्या बाकावर बसतं, स्वच्छ पांढरा शर्ट घालून.

वेदीवरचं कापड, गाणाऱ्यांचे झगे, पाळकसाहेबांचा डगला, सगळं मावशींच्या हातून जायचं, आणि तेही फुकट. चर्चमागच्या खोलीत दर आठवड्याला बायकांची प्रार्थना असायची. खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात चहाची किटली. एकेकीनं आपलं दुखणं सांगायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ते देवापुढे ठेवायचं. जी आली नसेल तिला फोन करून सगळं कळवायचं, म्हणजे ती घरी बसून प्रार्थना करील. ती आणखी दोघींना कळवणार. अशी ती साखळी गावभर फिरायची. नियम एकच: मोघम बोलायचं नाही, नाव घ्यायचं. शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई या वर्तुळाच्या प्रमुख. त्या म्हणायच्या, "नाव नसलेली प्रार्थना म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. जाणार कुठे?"

मावशींना हे पटायचं. नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा याच साखळीनं त्यांना सावरलं होतं. कोणी डबा आणला, कोणी दुकान सांभाळलं, कोणी नुसतंच शेजारी बसून राहिलं. ते दिवस मावशी कधी विसरल्या नाहीत. घोळ झाला तो त्यातूनच.

एका दुपारी भाची आली. गिऱ्हाईक यावं तशी, कपड्यांचं गाठोडं काखेत मारून. गल्लीतल्या कुणाचं लक्षही गेलं नाही. तिनं गाठोडं टेबलावर ठेवलं. "मावशी, यांना इस्त्री नको. फक्त ठेवून घे."

"आणि तुला?"

"मलाही."

डावं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं होतं, डॉक्टरला न दाखवता आपोआप जुळलेल्या हाडासारखं. मावशींनी विचारलं नाही. मागच्या खोलीत तयार कपडे टांगलेले असायचे, एकामागे एक, दाट. त्यांच्या आड त्यांनी गादी टाकली.

भाचीचा नवरा किल्लीवाला होता. कुलपं बसवायची, हरवलेल्या किल्ल्या करून द्यायच्या, अडलेली दारं उघडायची. बायकोला बाहेरून कुलूप घालून कामाला जायचा. घरातल्या प्रत्येक दाराला त्यानं वेगळं कुलूप बसवलं होतं; त्या दिवशी त्यातलं एक लावायचं राहून गेलं, म्हणून ती निसटली. आता असल्या माणसापासून कुठल्या दाराआड लपायचं? मावशी बाजारातून जाडजूड कुलूप आणायला निघाल्या तर भाची म्हणाली, "नको. नवं कुलूप दिसलं की त्याला कळेल आत काहीतरी आहे. तू फक्त कुणाला सांगू नकोस. तेवढंच कुलूप त्याला उघडता येत नाही."

खरंही होतं. मावशींची बहीण गेल्यावर मेहुण्यानं माहेरशी नातं तोडलं होतं. भाचीच्या लग्नाचं आमंत्रणही मावशींना नव्हतं. अशी कोणी मावशी आहे, हे किल्लीवाल्याच्या गावीही नव्हतं.

मावशींनी तोंड शिवून घेतलं. पण काळजी पोटात मावेना. इस्त्री कपड्यावर राहून जाऊ लागली, जळल्याचा वास येऊ लागला. त्या आठवड्यात खुर्च्या गोल झाल्या आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "एका मुलीसाठी प्रार्थना करा. संकटात आहे."

"कोण मुलगी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आहे एक."

"अहो, आम्ही काय परक्या?" औषधवाल्यांची बायको म्हणाली. "नाव सांगा. नेमकं मागितलं की नेमकं मिळतं."

सगळ्यांनी डोळे मिटले. मावशींच्या खांद्यावर एक हात आला, मग दुसरा, मग डोक्यावर एक. हात ऊबदार होते, आणि जड. सगळ्या थांबल्या होत्या. बायकांना असं थांबता येतं, हे मावशींना माहीत होतं. त्याही दुसऱ्यांसाठी अशाच थांबल्या होत्या. त्या शांततेत त्यांनी सगळं ओकून टाकलं. भाची, मनगट, किल्लीवाला, मागची खोली. रडल्या. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. घरी जाताना पाय कसे हलके झाले होते.

दुसऱ्या दिवशी साड्या न्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं सहज विचारलं, "भाचीचं मनगट कसं आहे?"

मावशींनी साड्या मोजायच्या सोडून मागच्या खोलीकडे पाहिलं.

मग एक फोन आला, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चमधून. बाई ओळखीची नव्हती, आवाज मात्र साखरेत घोळलेला. "आम्हीही प्रार्थना करतोय हं. मुलीचा हात बरा व्हावा, आणि तिचा संसार पुन्हा जुळावा."

"संसार जुळावा असं मी कधी म्हटलं?"

"ते प्रभू बघेल हो. तिचा नवरा आमच्याच मंडळीतला आहे. किती रडतोय बिचारा."

साखळी फिरत फिरत जिथे पोचायची तिथे पोचली होती, आणि वाटेत प्रार्थनाही बदलून गेली होती.

तो आला तो भर दुपारीच. पांढरा शर्ट टेबलावर ठेवला, नीट घडी घालून. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मावशींनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण तो जुडगा वाजला आणि मागच्या खोलीतला पंखा बंद झाला. आतून कुणीतरी बटण दाबलं होतं. मावशी समजल्या.

"कडक करा," तो म्हणाला. "रविवारी तुमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायची आहे. मी बदललोय, ते सगळ्यांना सांगायचंय."

मावशींनी इस्त्री उचलली. दुसरं काय करणार होत्या? कॉलर, बाह्या, पाठ. तो शटरचं कुलूप हातात घेऊन बघत होता.

"जुनं झालंय हो हे, मावशी. नुसत्या तारेनं उघडेल."

"मला मावशी म्हणू नकोस."

"नात्यानंच म्हणतोय." तो हसला, चांगलं हसला, दात दाखवून. "तिला सांगा, मी तिला क्षमा केलीय."

शर्ट हॅंगरला लावून त्यानं अलगद उचलला, सुरकुती पडू न देता, आणि गेला. टांगलेल्या कपड्यांमागे भाची उकिडवी बसली होती. ती रडत नव्हती. तिनं आपलं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं.

मावशी तशाच पाळकसाहेबांकडे गेल्या. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"त्याला थांबवा साहेब."

"पश्चात्ताप करणाऱ्याला दार बंद करणारे आपण कोण?"

"त्याला कुठलं दार बंद राहतंय? धंदाच तो आहे त्याचा."

साहेब हसले नाहीत. "रविवारी तिला घेऊन या. सगळ्यांसमोर क्षमा करू दे. तिचंही मन मोकळं होईल."

"आणि हात? तो सरळ होईल?"

"कटुता धरून बसलात तर कुणाचंच भलं होत नाही, मावशी."

मावशी उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "बरं. येते रविवारी."

त्यांनी डोकं लढवलं ते असं: रविवारी सकाळी गावातला एक माणूस नक्की कुठे असेल, हे त्यांना ठाऊक होतं. साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस मधेच निघून जाऊ शकत नाही. मंडळीच त्याला जाऊ देत नाहीत.

हॉस्पिटलच्या चादरी नेणारा गाडीवाला शेजारच्या शहरातला. देवाधर्माशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, तोंडही शिवराळ होतं. मावशींनी त्याला सांगितलं, "एका मुलीला सुखरूप जागी पोचवायचंय." त्यानं नाव विचारलं नाही. "गठ्ठ्यांत बसेल का?" एवढंच विचारलं. त्याची बहीण अशा बायकांच्या आधारघरात स्वयंपाक करायची.

"कुठे ते—" तो सांगायला लागला.

मावशींनी त्याच्या तोंडापुढे हात धरला. "मला नको सांगूस. मी सांगून टाकीन."

रविवारी मावशी पहिल्यांदाच सगळ्यांत पुढे बसल्या, त्याला नीट दिसतील अशा. शेजारची जागा पदर टाकून राखून ठेवली. तो उभा राहिला. बोलता बोलता त्याचे डोळे त्या रिकाम्या जागेवर जायचे, मग दाराकडे. तो रडला, लोक रडले, मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. शर्टाची इस्त्री अगदी झकास झाली होती. शेवटी सगळ्यांनी उठून त्याला मिठ्या मारल्या, रांग लावून, आणि त्या मिठ्यांत तो अडकून पडला असताना हॉस्पिटलची गाडी गाव सोडून गेली होती.

त्या आठवड्यात एका सकाळी मावशी दुकानात आल्या तर शटर नीट लावलेलं होतं, कुलूपही जागेवर. किल्ली मात्र फिरवताच लोण्यासारखी फिरली. कुणीतरी कुलपाला तेल घातलं होतं. आत काही चोरीला गेलं नव्हतं. मागच्या खोलीतले कपडे तेवढे दोन्ही बाजूंना सारलेले, मधे वाट करून.

पोलिसांनी विचारलं, "गेलं काय?" काही नाही. मग तक्रार कसली?

आता तो याच चर्चला येतो. दर रविवारी उभा राहतो आणि एकच मागणं मागतो: देवानं मला माझ्या बायकोपर्यंत वाट दाखवावी. माना खाली जातात. सगळे आमेन म्हणतात, पोटापासून म्हणतात.

मोठ्या बाई परवाच दुकानात येऊन गेल्या. वेदीचं कापड आणलं होतं. मावशींनी हात लावला नाही.

"एवढा राग बरा नव्हे. आमची चूक काय, प्रार्थना केली ही?"

"हो," मावशी म्हणाल्या.

बाईंनी आवाज खाली आणला. खांद्यावर हात ठेवला, तोच ऊबदार, जड हात. "कुठे आहे ती? नुसतं गाव सांगा. आम्ही नेमकं मागू."

"मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या, आणि ते खरं होतं म्हणून मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

त्या अजून प्रार्थना करतात. शटर अर्धं ओढून, कपड्यांमागे बसून, ओठही न हलवता. नाव घेत नाहीत. ज्याला कळायचं त्याला बिननावाचं कळतं, आणि बाकीचे ऐकत असतात. बाहेर फुटपाथवर कधी कधी किल्ल्या वाजतात, शटरपाशी येऊन जरा थांबतात, मग पुढे जातात.